तिसरा नको

४ ऑगस्ट, सोमवार

धाकटे,

पत्राच्या वर काय लिहावं यातच अर्धा तास गेला. 'अनेक आशीर्वाद' लिहावं तर तू म्हणशील, ठेव तुझ्यापाशीच. म्हणून नुसतं धाकटे. तू एकोणपन्नासची झालीस तरी मला दुसरं काही सुचत नाही.

माझा नंबर तू दोन वर्षांपूर्वी बंद केलास, तो अजून बंदच आहे. परवा तुला फोन लावून पाहिला. म्हणून पत्र. आणि लागला असता तरी उपयोग नव्हता. मावशी म्हणाली, डॉक्टरांनी तुला बोलायची बंदी केली आहे. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे एरवी वाईट, या वेळी बरं झालं. स्वरयंत्रावर गाठ आहे, साधी आहे, सोळा सप्टेंबरला ऑपरेशन आहे, तोवर पूर्ण मौन. नंतर आवाज पहिल्यासारखा राहील की बदलेल, ते डॉक्टर सांगत नाहीत. एवढं तिने एका दमात सांगितलं.

ऐकून मला काय वाटलं ते इथे लिहायला हवं. खरं सांगायचं तर काही वाटलं नाही. फोन ठेवला आणि राहिलेली भांडी घासली. बाबा गेल्यापासून माझं हे असंच आहे. कळतं सगळं, आतपर्यंत पोचत काही नाही. भूक लागते, जेवते, मग लक्षात येतं की मीठ घालायचं राहिलं होतं.

काम चालू आहे. तीच संस्था, तोच दुसरा मजला, तोच पंखा जो चारवर लावला तरी दोनवरच फिरतो. या खेपेला बावीस जण आहेत. चौकशीच्या खिडकीवर, दवाखान्याच्या काउंटरवर, तक्रारींच्या फोनवर बसणार आहेत. वेळापत्रकात विषयाचं नाव 'संवाद कौशल्य' आहे, पण सगळे 'आवाजाचा तास' म्हणतात. पहिल्या दिवशी मी फळ्यावर नेहमीप्रमाणे एकच शब्द लिहिला, 'बसा'. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडायच्या. एकाने फक्त 'बसा' म्हणायचं, दुसऱ्याने चेहरा न बघता सांगायचं की आपल्याला खरंच बसायला सांगितलंय, की ताटकळत ठेवलंय, की हाकलून लावलंय. यात एक मुलगी आहे, तिला सगळे 'रेडिओ' म्हणतात. तिचा आवाज इतका गोड की 'तुमचे वडील गेले' हे वाक्य तिने साबणाच्या जाहिरातीसारखं म्हणून दाखवलं. वर्ग हसला. मी तिला पुन्हा म्हणायला लावलं, सहा वेळा. सहाव्या वेळी जमलं.

संस्थेने मुलांकडून शिक्षकांविषयी कागद भरून घेतले. माझ्याबद्दल एकाने लिहिलंय: 'मॅडम चांगलं शिकवतात, पण त्या लिफ्टमधल्या बाईसारख्या बोलतात.' साहेबांनी तो कागद हसत हसत मला दाखवला. मी म्हटलं, दरवाजा बंद होत आहे. ते आणखी हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

आता मुद्द्याचं. सोळा तारखेच्या आधी मी यावं म्हणते. दोन वर्षांपूर्वीचं मी उकरणार नाही. तूच नको म्हणालीस म्हणून मी तेव्हा आले नव्हते. यात माझं काय चुकलं ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही, पण ते असो. येऊ का, एवढं कळव.

तुझी ताई


१३ ऑगस्ट, बुधवार

धाकटे,

चिठ्ठी मिळाली. 'नको येऊस.' एवढंच. वर माझं नाव नाही, खाली तुझं नाही. कागद वहीतून टरकावलेला आहे आणि आधीच्या पानावर दाबून लिहिलेलं त्याच्यावर उमटलंय. उजेडात तिरका धरला तर वाचता येतं: 'गिझर बंद कर' आणि त्याखाली 'सारखं विचारू नका'. म्हणजे घरात ज्या वहीवर लिहून तू बोलतेस, तिचंच हे पान. म्हणजे तू मला पत्र पाठवलं नाहीस, माझ्याशी बोललीस, असं मी धरलं. धरायला काय जातं?

वर्गात काल एक गोष्ट झाली. ती तुला सांगायलाच हवी, कारण तुझ्या परवानगीशिवाय झाली. चिडशील. चिडलीस तरी ओरडू नकोस, गाठ आहे.

कालचा धडा ध्वनिमुद्रणाचा होता. अनोळखी माणसाचा आवाज ऐकवायचा आणि मुलांनी चिठ्ठीवर लिहायचं, हे माणूस काय सांगतंय. शब्द काय आहेत ते नाही, सांगतंय काय ते. दर वर्षी मी एका मिक्सर बिघडलेल्या गृहस्थांची तक्रार ऐकवते. या वेळी फोनवर बोट चुकलं आणि तुझा निरोप लागला. हो, मी तो अजून ठेवलाय. अकरा सेकंदांचा आहे. 'ताई... बाबांना आज परत दवाखान्यात आणलंय. नको येऊस तू. मी आहे इथे.' मग मागे एक दार लागल्याचा आवाज, आणि संपतो.

लागलाच आहे तर लागू दे म्हटलं. कुणाचा आहे ते सांगितलं नाही. बावीस चिठ्ठ्या आल्या. तेरा जणांनी लिहिलं 'राग'. सहा जणांनी 'थकवा'. दोघांनी 'तुटकपणा', त्यातल्या एकाने 'तु' ऱ्हस्व की दीर्घ म्हणून दोन्ही लिहिले होते. तेरा म्हणजे बहुमत. मी गेली दोन वर्षं मावशीला, मामाला, शेजारच्यांना हेच सांगत आले की तुझ्या बोलण्यात राग होता, तू मला तोडून टाकलंस, म्हणून मी आले नाही. आता तेरा तटस्थ माणसांनीही तेच लिहिलं. मला बरं वाटायला हवं होतं.

बाविसावी चिठ्ठी एका बाईंची आहे. वर्गात त्या सगळ्यात मोठ्या, चाळिशीच्या. वीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होत्या. गुडघे गेले म्हणून आता बसून करायचं काम शिकायला आल्यात. मुलं त्यांना कंडक्टरबाई म्हणतात आणि त्यांनाही ते आवडतं. त्यांनी लिहिलंय: 'ही बाई ये म्हणते आहे.'

मी ती चिठ्ठी वाचली आणि तेरा, सहा, दोन, एक असं फळ्यावर लिहून धडा संपवला. चिठ्ठी पर्समध्ये आहे. का ठेवली माहीत नाही.

तुझी ताई


२२ ऑगस्ट, शुक्रवार

धाकटे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी लिहिते.

आधी एक दुरुस्ती. बोट चुकलं नव्हतं.

कंडक्टरबाई काल तास सुटल्यावर थांबल्या. खुर्च्या रांगेत लावत होत्या, कुणी सांगितलं नसताना. मग म्हणाल्या, "मॅडम, माझं उत्तर चुकलं का? तुम्ही त्याच्यावर काहीच बोलला नाहीत."

मी म्हटलं, "कशावरून लिहिलंत तुम्ही तसं?"

"आता हे बघा, गाडीत एखाद्या म्हातारीला जागा दिली की ती काय म्हणते? नको नको, बसा तुम्ही. मी तोंडाकडे बघतच नाही. पाय बघते. पाय लटपटत असले तर दंडाला धरून बसवते. शिव्या देतात, पण बसतात." मग शेवटची खुर्ची रांगेत सरकवत म्हणाल्या, "आणि मॅडम, 'मी आहे इथे' असं कोण सांगतं? जिच्याबरोबर कुणीच नसतं ती. चारजणी असल्या की बाई म्हणते, आम्ही आहोत."

मी फळा पुसत होते. त्या दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या, "मग ती ताई गेली का हो?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

लिफ्टमधल्या बाईच्या आवाजात. फळा स्वच्छ होता, तरी मी बराच वेळ पुसत राहिले.

घरी येऊन जेवायला बसले आणि बाबांचा नियम आठवला. आठवतो तुला? तू लहानपणापासून नको-नको करणारी. नवा फ्रॉक नको, सहलीला जायला नको, ताटात आणखी नको. आई तुझा पहिला नको ऐकून पुढे सरकायची आणि तू रात्रभर फुरंगटून बसायचीस. शेवटी बाबांनी नियमच केला. वाढायला उभे राहिले की म्हणायचे, "हिचा पहिला नको सवयीचा, दुसरा मानाचा, तिसरा खरा." तीनदा विचारायचं, तिसऱ्यांदा नको म्हणालीस तरच पुढे जायचं. मला राग यायचा. मी एकदा नको म्हटलं की मला कुणी परत विचारायचं नाही. तुझ्या लग्नाच्या वेळीसुद्धा बाबांनी तुला तीनदा विचारलं होतं आणि तू दोनदा नको म्हणून तिसऱ्यांदा हसलीस. आपल्या घरात हे मांजरालासुद्धा माहीत होतं.

त्या अकरा सेकंदांत 'नको' एकदाच आहे.

तुझी ताई


२ सप्टेंबर, मंगळवार

धाकटे,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. चौथं पाठवते आहे. यात चांगलं काही नाही, पण खरं आहे.

तुझा निरोप मी त्या दिवशी चार वाजून वीस मिनिटांनी ऐकला. तासाला फोन खणात ठेवायचा नियम आहे. शिक्षकांच्या खोलीत कुणी नव्हतं, चहाचे कप तसेच पडले होते. मी निरोप एकदा ऐकला. एकदाच. आणि मला पहिल्या खेपेलाच कळलं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्यांना, तुलाही, असं वाटत असेल की ही आवाजाची मास्तरीण आणि सख्ख्या बहिणीचा सूर हिला कळला नाही, लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तसं असतं तर परवडलं असतं. चुकीचं ऐकणाऱ्याला माफी असते. मी बरोबर ऐकलं होतं. 'ताई' म्हटल्यावर तुझा श्वास अडकला तो ऐकला. 'नको'वर आवाज वर गेला तो ऐकला. राग आला की तुझा आवाज खाली जातो, भीती वाटली की वर जातो, हे मला तू पाच वर्षांची असल्यापासून माहीत आहे. शिवाय बाबांचा नियम होताच. मला फक्त परत फोन करून विचारायचं होतं, येऊ का? दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा.

मी विचारलं नाही, कारण तू पुन्हा नको म्हणणार नाहीस याची मला खात्री होती.

मला यायचं नव्हतं. का, तेही सांगते. त्याच्या तीन आठवडे आधी मी येऊन गेले होते. झटक्यानंतर बाबांची वाचा गेली होती, एकच शब्द राहिला होता, 'हो'. पाणी हवं तरी हो, कूस बदलायची तरी हो, दुखतंय तरी हो. मी चाळीस मिनिटं त्यांच्या उशाशी बसले. ते हो म्हणत होते आणि मी पाणी दिलं, पंखा लावला, पंखा बंद केला, चादर काढली, परत घातली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तू स्वयंपाकघरातून हात पुसत आलीस, दारातूनच ऐकलंस आणि खिडकी उघडलीस. ते शांत झाले. खिडकी. एवढंच हवं होतं. मग तू मला म्हणालीस, "शिकवतेस ना हे तू? मग ऐक की जरा."

तू थकलेली होतीस. आठ महिने तूच करत होतीस. पण ते मला लागलं आणि लागलेलं मी जपून ठेवलं. त्या चाळीस मिनिटांत मला कळलं होतं की बाबा बोलत आहेत आणि मला ते ऐकू येत नाहीत, आणि ते मला परत बघायचं नव्हतं. मी भ्याले होते. त्यात तुझा निरोप आला. शब्दांत स्पष्ट होतं, नको येऊस. मी सूर बाजूला ठेवला आणि शब्द उचलले, कारण शब्द माझ्या सोयीचे होते. बाबा दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. मी संध्याकाळी पोचले. तू दारात म्हणालीस, "आता कशाला आलीस?" आणि मी लगेच, चपला न काढता, म्हणाले, "तूच येऊ नकोस म्हणालीस." पुरावा तयार होता माझा. बसमध्ये पाठ करत आले होते.

पुढे सगळ्यांना सांगताना मी ते वाक्य फिरवलंसुद्धा. तू म्हणाली होतीस, 'नको येऊस तू.' मी सांगायची, 'तू येऊ नकोस, असं म्हणाली.' शब्द तेच, फक्त पुढचे मागे. पहिल्यात माणूस अडखळतं, दुसऱ्यात हुकूम असतो. ध चा मा करायला अक्षरही बदलावं लागत नाही, एवढं माझ्या विषयाचं मला ज्ञान आहे. कुणी म्हणालं नाही, ऐकव बघू निरोप. माझा शब्द पुरला. तू खोटी पडलीस आणि मी तुला तसं पडू दिलं.

म्हणून वर्गात वाजवला. कुणीतरी मला पकडावं असं वाटत होतं. एकवीस जणांनी सोडून दिलं.

हे लिहून हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. काहीच वाटत नाही. हात मात्र गार पडलेत आणि खिडकी तर बंद आहे. दोन वर्षांनी विचारते आहे, दुसऱ्यांदा. धाकटे, येऊ का?

तुझी ताई


११ सप्टेंबर, गुरुवार

धाकटे,

काल दुसरी चिठ्ठी आली. 'नको येऊस ताई.'

पहिल्या चिठ्ठीत 'ताई' नव्हतं. मी सुतावरून स्वर्ग गाठणारी नाही, तरी ते बघितलं. 'ताई' नंतर पेन टेकून राहिल्याचा ठिपका आहे, तोही बघितला. मग स्वयंपाकघरात उभी राहून ती चिठ्ठी मोठ्याने वाचली. मुलांना 'बसा' म्हणायला लावते तशी, रागाने, थकून, तुटकपणे, विनवून. सगळ्या तऱ्हा जमल्या आणि सगळ्या माझ्याच निघाल्या. तुझ्या आवाजात मला ती वाचता येईना. मग फोन काढला आणि निरोप लावला. दोन वर्षांत एकटीने कितीदा लावला असेल, पण नेहमी 'नको'पर्यंत येऊन बंद करायचे; वर्गात पूर्ण वाजला तेव्हा लक्ष मुलांच्या तोंडांकडे होतं. काल शेवटपर्यंत कान देऊन ऐकला. मी आहे इथे. दार लागतं ना मागे, ते दार मला ओळखू आलं. दवाखान्याच्या मधल्या बोळातलं, झटक्याच्या वेळी मी आले होते तेव्हाही असंच जोरात लागणारं. तू बाहेर येऊन फोन केला होतास, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

मी खाली फरशीवर बसले. रडले असं नाही म्हणता येणार. नाक वाहत होतं.

आज सकाळी साहेबांना सांगितलं, महिनाभर येणार नाही. ते म्हणाले, परीक्षा तोंडावर आहे, वर्ग कोण घेणार? मी म्हटलं, कंडक्टरबाई घेतील. त्यांना चेष्टा वाटली. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, मी काय शिकवणार?" मी म्हटलं, "पाय बघायला शिकवा." त्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं. म्हटलं, ती ताई गेली नव्हती, आता जाते आहे. त्या एवढंच म्हणाल्या, "मग डबा बांधून देते, बसमधलं खाऊ नका."

हे पत्र टपालात टाकत नाही. बरोबर आणते आहे. तू हे वाचते आहेस म्हणजे मी तुझ्या दारात उभी आहे आणि तुझ्या हातात कागद देऊन गप्प राहिले आहे. तुला बोलायची बंदी आणि माझ्या बोलण्यावर माझाच भरवसा नाही, तेव्हा हेच बरं. मागच्या वेळी याच दारात मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं होतं. या वेळी काही पाठ केलेलं नाही.

निरोपातला नको मी विचारण्याआधीचा, तो मोजत नाही. पत्रांना आलेले दोन नको झाले. एक सवयीचा, एक मानाचा. आता तिसऱ्यांदा विचारते, राहू का?

घाई करू नकोस. हा नको वहीवर लिहिलेला मी घेणार नाही. मान हलवलीस तरी धरणार नाही. तिसरा खरा असतो, तो मला आवाजात हवा. ऑपरेशन होऊ दे. आवाज परत येऊ दे, घोगरा येवो, पातळ येवो, ओळखू न येण्यासारखा येवो. पहिला शब्द तोच म्हणालीस तरी चालेल. तुझा नको कुठला, हे मला कळतं. कळत नाही असं मी पुन्हा कधी म्हणणार नाही. तो खरा असला तर त्याच दिवशी निघेन आणि परत पत्रही टाकणार नाही.

तोपर्यंत वाचून झालं की बाजूला हो, म्हणजे मला चपला काढता येतील. मी आहे इथे.

ताई